दोरा आपला हाये

“पुण्याची नोकरी सोडून आर्वीत सुई-दोऱ्याचं दुकान काऊन टाकलं? आणि टाकलं तं टाकलं, माल एवढा महाग काऊन?” लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दुकानाच्या पायरीवर, सगळीकडे हेच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

माझे आबाजी शिंपी. बाजाराच्या दिवशी पायमशीन बंडीत घालून आर्वीला येऊन बसायचे. पोळ्याआधी पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसायची. बैलांच्या झुली! जाड कापड, वर आरसे, कडेला गोंडे. आणि तान्ह्या पोळ्याला आम्हा पोट्ट्यांच्या लाकडी बैलांसाठी उरल्यासुरल्या तुकड्यांच्या इवल्या झुली. माझी लाल झूल अजून आहे. कापड विटलं, पण शिवण एका टाक्यानंही उसवली नाही.

नवी रीळ आली की आबाजी हातभर दोरा ओढून उजेडात धरत. गाठी दिसल्या, लव दिसली की रीळ परत. लाल-काळा दोरा ओल्या पांढऱ्या कापडात ठेवून वरून गरम इस्त्री दाबत. रंग उतरला तर तो दोरा गिऱ्हाइकाच्या कपड्याला लागत नसे. म्हणायचे, “कापड लोकाचं हाये बाप्पा, दोरा आपला हाये. दोरा तुटला तं नाव आपलं जाते.”

ते गेल्यावर काही वर्षांनी सुट्टीत घरी आले, तर काकू रडत बसलेली. गावातल्या नवरीच्या साडीला तिनं लावलेला फॉल पहिल्याच धुण्यात आटला, काठाला चुण्या पडल्या. साडीचे पैसे काकूनं भरले. तिची चूक काय? बाजारात मिळाला तो फॉल तिनं लावला. चांगला हवा तर नागपूर नाहीतर अमरावती, म्हणजे दिवस मोडला आणि बसभाडं वेगळं. शहरातल्या शिंप्यानं निवडायचं आणि खेड्यातल्या बाईनं उरलेलं वापरायचं, हे मला सहन झालं नाही.

सुईचंच घ्या. बारीक कापडाला 11 नंबर, साध्या सुतीला 14, जाड पँटला 16. आमच्याकडे बऱ्याच जणी एकच सुई मोडेपर्यंत चालवतात. बोथट सुई टकटक वाजते, टाके सोडते, आणि दोष लागतो मशीनला. म्हणून मी आधी विचारते, “काय शिवता ताई?” मगच सुई देते. दोऱ्याच्या रिळीवरचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. हेही सांगावं लागतं, कारण कोणी कधी सांगितलेलंच नसतं.

फॉलचा पहिला गठ्ठा मी रात्रभर बादलीत भिजवला. सकाळी पाणी मरून रंगाचं. व्यापाऱ्यानं माल परत घेतला नाही. पैसे बुडाले, ते फार लागलं. तो फॉल विकला मात्र नाही. शिवण शिकणाऱ्या मुलींना हात बसवायला दिला. आता आधी प्रत्येक रंगाचा एकेक नग आणते.

चांगली रीळ चार-दोन रुपयांनी महाग पडते, खरं आहे. पण अस्तराच्या ब्लाउजवर बाईचा अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस कच्च्या दोऱ्यावर टांगायला मी देणार नाही.

पोळा पंधरा दिवसांवर आलाय. आरसे आले, गोंडे आले, झुलीचा जाड दोराही आला. लाल रिळी तेवढ्या अजून इस्त्रीखाली जायच्या आहेत.