मिलानमधला फ्री टाइम

युरोप टूरमध्ये मिलानच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. दुओमो या मोठ्या चर्चसमोर ग्रुप फोटो, मग गॅलेरिया या छत असलेल्या बाजारातून चालत पलीकडे ला स्काला. जगातलं इतकं नावाजलेलं ऑपेरा हाउस बाहेरून अगदी साधं दिसतं, त्यामुळे लोक एक नजर टाकतात आणि ‘ताई, शॉपिंगला किती वेळ?’ असं विचारतात. टूर मॅनेजर म्हणून मीही तिथे ऑपेरा रचणाऱ्या व्हेर्दीचं नाव घेऊन फ्री टाइम जाहीर करते.

त्या दिवशी एक काका जागचे हलेनात. ऐंशीच्या घरातले, मुलीबरोबर आलेले. तरुणपणी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केलेली, पुढे पेट्या दुरुस्त करून संसार चालवलेला. म्हणाले, ‘बाळ, म्हाताऱ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी घर बांधणारा तो हाच ना? ते घर बघायचंय.’

बाकीच्यांना भेटायची वेळ आणि जागा पुन्हा एकदा बजावली आणि आम्ही तिघं मेट्रोच्या लाल लाइनवर चढलो. दुओमोहून थेट बुओनारोती स्टेशन.

वाटेत काकांनी मला बोलतं केलं. जुझेप्पे व्हेर्दीचा जन्म १८१३ चा, पार्माजवळच्या ले रोंकोले नावाच्या खेड्यात. बापाची छोटी खाणावळ. पोराला संगीताचा नाद, म्हणून बापाने एक जुनं स्पिनेट घेऊन दिलं. पियानोसारखंच पट्ट्या दाबून वाजवायचं, पण आकाराने लहान वाद्य. १८२१ मध्ये कावालेत्ती नावाच्या कारागिराने ते दुरुस्त केलं, आतली चामडी बदलली, पायपट्ट्या बसवल्या आणि पोराची शिकायची ओढ पाहून एक पैसाही घेतला नाही. तसं त्याने चिठ्ठीवर लिहून वाद्याच्या आतच ठेवलं. काका इथे एकदम सावरून बसले. ‘चामडं बदललं? म्हणजे चांगला दिवसभराचा उद्योग. खिळखिळं झालेलं वाद्य असणार. आणि फुकट!’ त्यांच्या मुलीने सांगितलं, बाबांनीही कित्येक पोरांच्या पेट्यांचे भाते असेच बांधून दिलेत.

पुढची हकिकत ऐकताना ते गप्प होते. १८३२ मध्ये मिलानच्या संगीत विद्यालयाने व्हेर्दीला प्रवेश नाकारला. नियमापेक्षा वय जास्त आणि पियानोवर हात ठेवायची पद्धत चुकीची, अशी कारणं दिली. आज ते विद्यालय त्याच्याच नावाने ओळखलं जातं. खेड्याजवळच्या बुसेतो गावचा व्यापारी बारेत्सी पाठीशी उभा राहिला, म्हणून खासगी शिकवणी तरी झाली. त्याच्याच मुलीशी, मार्गेरिताशी, लग्न झालं. मग दोन वर्षांच्या आत मुलगी, मुलगा आणि १८४० मध्ये मार्गेरिता, तिघंही गेली. त्याच काळात त्याला विनोदी ऑपेरा लिहून द्यायचा होता. तो ला स्कालात सपशेल पडला. तिथून हा माणूस उठला आणि १८४२ मध्ये त्याच रंगमंचावर ‘नाबुको’ आणला. मग रिगोलेत्तो, त्राव्हियाता, कैरोत झालेली आयदा आणि ऐंशीला टेकलेला असताना, १८९३ मध्ये, फाल्स्ताफ. किर्लोस्करांनी पुण्यात संगीत नाटक उभं केलं, १८८० साली, तेव्हा हा हयात होता हे मी सांगितल्यावर काकांनी मुलीकडे नुसतं पाहिलं.

काकांना बघायचं होतं ते घर, कासा व्हेर्दी, म्हणजे चौकातली मोठी देखणी इमारत, समोर व्हेर्दीचा पुतळा. आराखडा कामिल्लो बोइतोचा. त्याचा भाऊ आरिगो व्हेर्दीच्या शेवटच्या दोन ऑपेरांचा लेखक. १८९९ मध्ये बांधून पूर्ण झालं, तरी आपण जिवंत असेपर्यंत उघडायचं नाही, असा व्हेर्दीचा हट्ट. लोकांनी येऊन आभार मानलेले त्याला नको होते. तो जानेवारी १९०१ मध्ये गेला. महिन्याभराने त्याचं आणि दुसऱ्या बायकोचं, जुझेप्पिना स्त्रेप्पोनीचं, पार्थिव इथे आणलं तेव्हा तोस्कानिनी या संगीत-संचालकाच्या हाताखाली शेकडो गायकांनी ‘नाबुको’तलं गुलामांचं समूहगान गायलं. पहिले रहिवासी १९०२ च्या ऑक्टोबरात आले, त्याच्या जन्मदिवशी.

अंगणापलीकडच्या समाधीपाशी काकांनी चप्पल काढली. मुलगी म्हणाली, ‘बाबा, इथे काढायची गरज नाही.’ त्यांनी ऐकलं नाही.

वरच्या मजल्यावर कुणीतरी गळा तयार करत होतं, एकच स्वरमालिका अर्धा अर्धा स्वर चढवत. काका म्हणाले, ‘हा आवाज म्हाताऱ्याचा नाही.’ बरोबर होतं. संगीत शिकणारी तरुण मुलंही आता तिथे राहतात.

मग त्यांनी जे विचारलं ते मला अजून आठवतं. ‘इथे फक्त मुख्य गाणाऱ्यांची सोय आहे की वाजवणाऱ्यांचीही?’

‘वाजवणाऱ्यांचीही, काका. संगीतावर पोट भरलेल्या सगळ्यांची.’

‘मागे बसणाऱ्यांची पण?’

‘हो.’

‘आणि खर्च?’

व्हेर्दीने आपल्या ऑपेरांची रॉयल्टी या घराच्या नावे लिहून दिली होती. ती जवळजवळ साठ वर्षं येत राहिली. हे त्यांनी माझ्याकडून परत एकदा वदवून घेतलं. मग एका ऑर्गनवाल्या मित्राबद्दल बोलले. त्याच्या साथीवर नटांनी वन्स मोअर घेतले आणि शेवटी औषधपाण्यासाठी त्याचा ऑर्गन विकावा लागला. तो ऑर्गन नीट करून गिऱ्हाइकाला पोचवायचं काम काकांकडेच आलं होतं. मेट्रो स्टेशनपर्यंत ते त्याच्याबद्दलच सांगत होते. कुठल्या पट्टीत बसायचा, कुठला नट उशिरा समेवर आला तर कसं सांभाळून घ्यायचा.

व्हेर्दीने एका पत्रात, आपल्या सगळ्या कामांत हे घर आपल्याला सर्वांत आवडतं, असं लिहिलंय. ला स्कालासमोर उभं राहून हे सांगण्यात अर्थ नसतो, तिथे ऐकणारे पाठमोरे झालेले असतात. म्हणून आता मिलानमध्ये फ्री टाइम जाहीर करायच्या आधीच मी विचारते, खरेदी नको असलेलं कोण आहे? बहुतेक वेळा दोघं-तिघं हात वर करतात. कधी एखादी गाण्याची शिक्षिका असते, कधी भजनी मंडळात पेटी धरणारे निवृत्त बँकवाले. त्यांना घेऊन मी लाल लाइनवर चढते.