आजींच्या गुडघ्याआधी आजींचं घर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघा बदलायच्या ऑपरेशनआधी पेशंटचं घर बघायला जाते. लोकांना वाटतं व्यायाम शिकवायला आली, पण मी आधी टेप काढून मोरीचं दार मोजते, कारण वॉकर जवळजवळ दोन फूट रुंद असतो आणि जुन्या घरांत तो कितीदा तरी दारातच अडतो.

या आजी कसबा पेठेतल्या. जुना वाडा, पहिला मजला, लाकडी जिना. मुलाने महागडा रिक्लायनर आणून ठेवलेला, पण संडास खाली बसायचा आणि कमोड खुर्चीचा पत्ता नाही. ती आणायला सांगितली, सतरंज्या-पायपुसणी उचलायला लावली, हातांची उंच खुर्ची शोधली, म्हणजे बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जात नाहीत. जिन्याचा सरावही तेव्हाच घेतला, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. हे नंतर दुखत असताना शिकवलं तर डोक्यात शिरत नाही हो, आणि तरी तारीख, पैसे, इन्शुरन्स सगळं ठरतं पण पेशंट राहतो कुठे हे कुणी विचारत नाही, याचा मला खरंच राग येतो.

निघताना आजी हळूच म्हणाल्या, "अगं, मग मी पूजा कशी करू?"

देवघर जमिनीवर, रोज पाटावर मांडी घालून पूजा. खाली बसायचं नाही हे सर्जननी सांगितलेलं, पण त्याचा अर्थ आजींसाठी काय होतो हे घरातही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मुलगा म्हणाला, देवघर टेबलावर ठेवू. आजी म्हणाल्या, "सासूबाईंनी मांडलंय ते, हलायचं नाही. नकोच मग ऑपरेशन." आणि त्या खरंच रद्द करणार होत्या.

मार्ग सुनेने काढला. देवघर जागच्या जागी, फक्त देव ताम्हनात घेऊन टेबलावर आणायचे, आजींनी खुर्चीत बसून पूजा करायची, की परत जागेवर.

ऑपरेशन झालं, गुडघा छान वाकतोय, जिनाही जमतोय. आमच्या फॉर्मवर जिना, संडास, पलंग एवढेच रकाने होते, मी खाली पेनने लिहायला लागलेय, "जमिनीवर कशाकशासाठी बसता?"

पण काल गेले तर सून एका हाताने डबा भरत देव आत नेत होती, तिला ऑफिसला उशीर झालेला. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पुढच्या वेळी तिच्याशी वेगळं बोलणार आहे.