झडप, गोळी आणि मोबाईल: माझा अनुभव

लहानपणी मला सांधेताप येऊन गेला होता. गुडघे सुजले, उतरले, घरचे विसरूनही गेले. त्या तापानं हृदयाची झडप आकसून ठेवलीय, हे कळायला चाळिशी उलटावी लागली. जिना चढताना धाप लागायची, मग धडधड सुरू झाली. बेळगावच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळायचे सोडून नुसते थरथरतात, तिथं रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ करायची गोळी. माझी झडप अरुंद आहे, त्यामुळे नवीन गोळ्या चालत नाहीत, जुनी वॉरफरिनच घ्यायची. तिचा डोस आयएनआर तपासून ठरतो, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. माझा २ ते ३ च्या मध्ये हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे. लेकीनं मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. मागच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, फ्लॅश लागतो, बोटातल्या रक्ताच्या चढउतारावरून ते ठोके मोजतं. पावसाळ्यात हात गार पडले की काही केल्या रीडिंग येत नाही, चुलीपाशी शेकून बसावं लागतं. बोट जोरात दाबलं तरी बिघडतं. कोपर टेबलावर टेकवून, न बोलता पूर्ण मिनिटभर बसायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, तर अशा ठोक्यांत उत्तर दर खेपेला वेगळं.

आणि दर खेपेला लाल अक्षरं: अनियमित. सुरुवातीला मी दिवसभर तेच करत बसायची. हे म्हणाले, "काय बघूलालीस गं त्यात सारखं? बघून थांबणार हाय काय ते?" त्यांचं बरोबरच होतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, जरा सभ्य शब्दांत. माझी लय कायमचीच अनियमित आहे, ॲपला रोज नवीन काय सापडणार? माझ्या कामाचा आकडा वेगाचा. बसल्या जागी ११० च्या आत राहतोय का, एवढंच बघायचं. आता सकाळी एकदा आणि धडधडलं तर, बस्स. ज्यांची लय अधूनमधून बिघडते त्यांचं वेगळं. बाजारपेठेतल्या आमच्या ओळखीच्या एका काकांकडे कार्डियाची पट्टी आहे. दोन्ही हातांची बोटं टेकवली की तीस सेकंदांत ईसीजीची रेघ मोबाईलवर येते. त्यांना ती उपयोगाची, कारण डॉक्टरांपुढे जाईपर्यंत त्यांची लय जागेवर आलेली असते. पण रेघ ठीक दिसतेय म्हणून ते गोळी बंद करायला निघाले होते. लय जागेवर आली म्हणजे गुठळीची भीती गेली असं नसतं. डॉक्टर रागावले, तेव्हा कुठं थांबले.

मला खरा आधार झाला तो गोळीच्या ॲपचा, त्यात मशीनची काही करामत नाही तरी. वॉरफरिन मी संध्याकाळी घेते, म्हणजे दिवसा रिपोर्ट आला तर त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. आणि डोसही सरळ नाही, एक दिवस ३ मिलिग्रॅम, एक दिवस ४. हे डोक्यात राहत नाही हो. ॲप त्या वाराचा डोस दाखवतं, घेतली म्हणून दाबलं की खूण होते. मध्ये काही दिवस गजरच वाजेना. मोबाईलचा बॅटरी सेव्हर त्याला गुपचूप झोपवत होता. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला मोकळीक द्यावी लागते. स्वस्तातल्या मोबाईलवाल्यांनी हे आधी बघा.

त्याच ॲपमध्ये टिपांचा रकाना आहे. तिथं मी मराठीत लिहिते: "अळूचं फतफतं, दोन वेळा", "शेवग्याचा पाला", "दातदुखीची गोळी घेतली". पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वानं आयएनआर खाली येतो. भाजी बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. श्रावणात माझा आयएनआर घसरला, तेव्हा डॉक्टरांनी आधी तो रकानाच मागितला. त्यांना मराठी वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. नर्सबाई हसून कानडीत म्हणाल्या, "गुळगी तगोंड्रेन्री?" म्हणजे गोळी घेतलीत का? मी खुणा दाखवल्या. रिपोर्ट खानापुरातच काढून व्हॉट्सॲपवर पाठवते, त्यामुळे बेळगावची प्रत्येक खेप करावी लागत नाही. तशी कर्नाटकात बस बायकांना फुकट आहे, आधार दाखवलं की शून्याचं तिकीट. पण ओपीडीच्या रांगेत दिवस जातो तो जातोच.

घरात सगळ्यांना एक पक्कं सांगून ठेवलंय. माझं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका हातातली ताकद गेली, तर कॅमेऱ्यावर बोट धरत बसायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

पुढच्या खेपेला झडप फुग्यानं रुंद करायची की नाही हे ठरणार आहे. त्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी लागते, ती मोबाईलवर होत नाही.