फ्रँकफर्ट विमानतळ ते कार्ल्सरूह : घ्यायला कोणी येणार नसताना

परदेशात मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना आमच्या बडोद्यात जो भेटेल तो हमखास विचारतो, "विमानतळावर घ्यायला कोण येणार?" माझी लेक जर्मनीत कार्ल्सरूहला नोकरी करते. विमान उतरणार फ्रँकफर्टला. दोन्हींमधलं अंतर साधारण बडोदा-सुरत एवढं. म्हणजे लेकीनं मला घ्यायला यायचं तर तिची अख्खी सुट्टी जाणार, आणि त्या दिवशी तिच्या ऑफिसात मोठं काम होतं. "आई, मी सुट्टी टाकते," असं ती म्हणाली होती. मीच नको म्हटलं. आपल्या सोयीसाठी मुलांनी रजा खर्चाव्यात हे मला पटत नाही. रजा ती मी तिथं असताना घेईल, तर चार दिवस बरोबर तरी मिळतील.

बाकी रेल्वेची भीती बडोद्याच्या माणसाला वाटायचं कारण नाही. आमच्या गायकवाडी राज्यात डभोई-मियागाम ही नॅरोगेज १८६२ साली धावली, सुरुवातीला बैल जोडून. माझ्या वडिलांची नोकरी प्रतापनगरला रेल्वेत होती. लग्नाआधी मी स्वतः अहमदाबादला पासवर अपडाउन केलेलं आहे. जर्मनीत भाषा वेगळी, पण गाडी, फलाट, डबा, तिकीट या चारच गोष्टी. त्या आधी समजून घेतल्या की झालं.

सगळ्यात जास्त वेळ मी तिकिटावर घालवला, आणि तो सत्कारणी लागला. तिथं लांब पल्ल्याच्या गाडीची ढोबळमानानं दोन प्रकारची तिकिटं असतात. श्पारप्राइस म्हणजे स्वस्तातलं, आधी काढलं तर निम्म्याहूनही कमी पैशांत मिळू शकतं, पण ते ठरलेल्या गाडीलाच चालतं. दुसरं फ्लेक्सप्राइस. ते महाग, पण त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी पकडा. आता गाडीलाच उशीर झाला आणि मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, तर स्वस्त तिकिटाचं बंधनही सुटतं आणि दुसऱ्या गाडीनं जाता येतं. विमानाला उशीर झाला तर मात्र सुटत नाही. गाडी चुकली की तिकीट बुडालं, आणि नवं घ्यायचं ते त्या दिवसाच्या भावानं. विमान कधी टेकेल, पासपोर्टच्या रांगेत किती वेळ जाईल, बॅग पट्ट्यावर कधी येईल, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. म्हणून उतरल्यावरच्या प्रवासाला महागडं तिकीट आणि परतीच्या प्रवासाला स्वस्त, असं मी ठरवलं. परतीला घरून कधी निघायचं ते आपल्या हातात असतं ना! ज्यांना कोणाला हे विचारायचंय त्यांना मी हेच सांगते : बाकी कुठंही काटकसर करा, या तिकिटात करू नका.

अजून एक, आपलं विमानाचं तिकीट काढताना एजंटला "रेल अँड फ्लाय" मिळतंय का ते जरूर विचारावं. काही विमान कंपन्या तिकिटाबरोबरच जर्मनीतला रेल्वेप्रवास जोडून देतात. माझ्या तिकिटात ती सोय नव्हती.

दुसरी गोष्ट सामानाची. तिथं फलाटावर हमाल नाहीत. गाडी मधल्या स्टेशनांवर दोन-चार मिनिटं थांबते आणि डब्यात बॅग आपली आपणच चढवायची. त्यामुळे दोन बॅगांची परवानगी असूनही मी एकच घेतली आणि घरातल्या जिन्यावरून ती एकटीनं वर-खाली नेऊन पाहिली. जी बॅग आपल्याला पाच-सहा पायऱ्या उचलवत नाही ती नेऊ नये. लेकीसाठी लीलो चिवडा, भाकरवडी, गोडा मसाला, मेतकूट एवढं घेतलं. पेढे, तूप, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवल्या, कारण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आमच्याकडे दांडिया बाजारातल्या मावशींनी आग्रहानं तुपाची बरणी आणून दिली होती. ती मी नम्रपणे परत केली. त्या नाराज झाल्या, पण नियम तो नियम.

बडोद्याहून बोरिवलीपर्यंत गाडीनं आणि तिथून टॅक्सीनं मुंबईच्या विमानतळावर गेले. विमान निघायलाच बराच उशीर झाला. मी मनाशी धरलेली सकाळची थेट गाडी मिळणार नाही हे आम्ही हवेत असतानाच स्पष्ट झालं. शेजारच्या गृहस्थांचं ठरावीक गाडीचं तिकीट होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. माझं तसं नव्हतं, म्हणून मी झोपले.

फ्रँकफर्टला पासपोर्टच्या खिडकीवर विचारतात ते साधंच : कुठं जाणार, कोणाकडे, किती दिवस. लेकीचं निमंत्रणपत्र, प्रवासविमा आणि परतीचं तिकीट मी एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये वर ठेवलं होतं. २०२५च्या ऑक्टोबरपासून शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या, सीमेवर नवी पद्धत आली आहे. पहिल्यांदा जाताना चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद करतात; बोटांचे ठसे आपण व्हिसा काढताना दिलेलेच असतात. त्याचे पैसे पडत नाहीत, वेळ मात्र जातो.

बॅग घेतली, कस्टम्सच्या हिरव्या दारातून बाहेर आले. इथं एक गोष्ट नीट माहीत हवी, कारण नवखा माणूस गोंधळतो तो इथंच. फ्रँकफर्ट विमानतळाला रेल्वेची दोन वेगळी स्टेशनं आहेत. टर्मिनल १च्या खाली तळघरात आहे ते रेगिओनालबानहोफ, फलाट १ ते ३. तिथून फ्रँकफर्ट शहरात जाणाऱ्या लोकल सुटतात, मुख्य स्टेशनला पाव तास लागतो. दुसरं फेर्नबानहोफ, फलाट ४ ते ७. ते १९९९ साली सुरू झालं, आणि लांबच्या शहरांना जाणाऱ्या आयसीई नावाच्या वेगवान गाड्या तिथून सुटतात. त्याच्याकडे टर्मिनल १मधून आच्छादलेल्या लांब पुलावरून चालत जायचं. पाट्या शेवटपर्यंत आहेत. दुसऱ्या टर्मिनलवर उतरलात तर स्कायलाइन नावाची बिनचालकाची फुकट गाडी टर्मिनल १ला आणून सोडते. मला कार्ल्सरूहला जायचं म्हणजे फेर्नबानहोफच. लेकीनं कागदावर "फलाट ४ ते ७" असं ठळक लिहून दिलं होतं, कारण नावं विसरली तरी आकडे विसरत नाहीत. आणि स्वच्छतागृहाचं काम विमानतळावरच उरकून घ्यावं, तिथं फुकट आहे. बऱ्याच मोठ्या स्टेशनांवर त्याचे पैसे पडतात.

फलाटावर जायला कुठंही दार नाही, फाटक नाही, तिकीट विचारणारा नाही. कोणीही सरळ आत जातं. याचा अर्थ तपासणी नाही असा कोणी घेऊ नये. तपासणी गाडीत होते, आणि शहरातल्या लोकल-ट्राममध्ये बिनतिकीट सापडलं तर ६० युरो दंड आहे.

भिंतीवर दोन रंगांचे मोठे कागद लावलेले असतात. पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्या गाड्यांचा. आपण पिवळा बघायचा. पण तो छापील असतो, त्या दिवशीचा बदल त्यावर नसतो. तो वरच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर आणि जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर या अ‍ॅपवर दिसतो. मी आधी कागद पाहिला, मग पाटीशी ताडून घेतला. पुढच्या थेट गाडीला बराच वेळ होता. त्याआधी श्टुटगार्टची गाडी होती, मानहाइमला थांबणारी. मानहाइम हे तिकडचं मोठं जंक्शन. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, ती घे. मानहाइमला उतर, तिथं बाझेलकडे जाणारी गाडी मिळेल, ती कार्ल्सरूहला थांबते." फ्लेक्स तिकिटाचा उपयोग तो हाच. कुठल्या खिडकीवर जाऊन काही बदलून घ्यावं लागलं नाही.

आता फलाटावरची गंमत बघा. अख्खा फलाट ए, बी, सी, डी अशा अक्षरांनी वाटून घेतलेला असतो, अक्षरं वर टांगलेली असतात. गाडीचा कुठला डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते पाटीवर गाडीच्या छोट्या चित्रासकट दाखवतात. आपल्याकडे बडोदा स्टेशनला डब्यांचे आकडे दाखवणाऱ्या पाट्या असतात तसंच. फर्स्ट क्लास कुठं, खाण्याचा डबा कुठं, सगळं कळतं. मी सेकंड क्लासच्या मधल्या डब्यासमोरच्या अक्षराखाली जाऊन उभी राहिले. गाडी आली आणि दार माझ्यापासून चार पावलांवर थांबलं. काही गाड्या दोन गाड्या जोडून केलेल्या असतात आणि वाटेत सुटून वेगळ्या शहरांना जातात. म्हणून डब्याच्या दारापाशी लिहिलेलं शेवटचं स्टेशन वाचूनच चढायचं. हे मी प्रत्येक वेळी करत आले.

आत जागेचं आरक्षण सक्तीचं नसतं, ते वेगळे पाचेक युरो देऊन घेता येतं. मी घेतलं नव्हतं. आरक्षण एकाच गाडीचं असतं आणि माझी गाडी ठरलेली नव्हती. सीटच्या वर छोट्या पट्टीवर दोन गावांची नावं दिसत असतील तर तेवढ्या टप्प्यापुरती ती जागा कोणाची तरी आहे. नावं नसतील तिथं बसावं. मला खिडकी मिळाली. बॅग डब्यातल्या मोठ्या सामानाच्या मांडणीवर, माझ्या नजरेसमोर.

तपासनीस बाई आल्या. मी फोनवरचं तिकीट दाखवलं आणि कागदावर छापलेलंही पुढं केलं, कारण बॅटरीचा भरवसा नाही. त्यांनी कागदावरचा चौकोन मशीननं वाचला, पासपोर्टवरचं नाव पाहिलं, हसून काहीतरी शुभेच्छा दिल्या. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, हे काढतानाच बघून घ्या. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, ते कुठं येतं कुठं गळतं.

मानहाइम अर्ध्या तासात आलं. बाझेलची गाडी समोरच्याच कडेला लागणार होती, फलाट बदलावा लागला नाही. तिकडे या जंक्शनवर बऱ्याच गाड्यांचं वेळापत्रक असंच जुळवलेलं आहे. तरी बदलासाठी पाच-सात मिनिटांची गाडी धरून चालू नये. २०२४ साली जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवर धरून. म्हणजे जर्मनी म्हटलं की मिनिटाला मिनिट, ही आपल्या मनातली समजूत सोडायला हवी. बदल असेल तिथं निदान अर्धा तास ठेवा.

पुढं अर्ध्या तासाच्या आत कार्ल्सरूह. स्टेशनच्या दारातच ट्रामचा थांबा आहे. हे शहर १७१५ साली राजवाडा मध्ये धरून पंख्यासारखं आखलेलं, त्यामुळे रस्ते राजवाड्यापासून फाकत जातात. ट्रामसाठी तर ते जगभर माहीत आहे. शहरातली ट्राम तशीच रेल्वेच्या रुळांवर चढून शेजारच्या गावी जाते, १९९२ पासून. वडील असते तर त्यांनी हे बघायला थांबा सोडला नसता. मी थांब्यावरच्या मशीनमध्ये इंग्रजी भाषा निवडली, कार्ड लावलं, तिकीट घेतलं. जास्त दिवस राहणाऱ्यांनी मात्र डॉइचलांडटिकेटचा विचार करावा. २०२३च्या मे महिन्यात ते महिना ४९ युरोनं सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरो आहे. त्यात देशभरातल्या ट्राम, बस, लोकल आणि प्रादेशिक गाड्या चालतात, आयसीई चालत नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतं, म्हणून बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. आपल्याकडचे लोक परत आल्यावर हे विसरतात आणि पैसे कापले जात राहतात.

लेक दुपारी ऑफिसातून आली तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. किल्ली तिनं शेजारच्या बाईंकडे ठेवली होती. तिनं ऑफिसातलं काम पूर्ण केलं होतं आणि पुढच्या आठवड्याची रजा शाबूत होती.

आता आमच्या सोसायटीतले काका-काकू मुलाकडे हॅम्बुर्गला निघालेत, उतरणार फ्रँकफर्टलाच. काकूंना गुडघ्याचा त्रास आहे आणि तो प्रवास साधारण चार तासांचा. त्यांना मी सांगितलंय की तुम्ही फ्लेक्स तिकीट तर घ्याच, पण जागेचं आरक्षणही करा, आणि तेही विमान उतरायच्या वेळेनंतर निदान चार तासांनी सुटणाऱ्या थेट गाडीचं. विमान लवकर आलं तर आधीच्या गाडीनं जा. आरक्षणाचे पैसे गेले तर जाऊ देत, पण उशीर झाला तर काकूंना चार तास उभं राहावं लागणार नाही. बॅग मात्र दोघांत मिळून दोनच, आणि काकांना एकट्याला उचलतील अशा.