फडावरची पोरं
दसरा-दिवाळी झाली की बीडकडचे ट्रक-ट्रॅक्टर ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडं निघतात, वर भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरं. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, पोरांचा हिशोबच नाही, पण वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला, मोळ्या बांधायला तीच असतात. आमच्या इथल्या उसाच्या फडावर नऊ-दहा वर्षांची पोरगी बघितली, कडेवर तान्हा भाऊ आणि मोकळ्या हातानं चुलीत पाचट सारत होती, शाळेचं विचारलं तर म्हणे चौथीत हाय, गावाकडं. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं पोरांनी शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत केलेली चालते. अहो पण फडावर शाळा भरतेच कुठं सुटायला! अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत गावाकडं, पण तिला तिथं ठेवलं तर या तान्ह्याला कोण बघणार?