बाईंची तक्रार

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज पुन्हा भाऊ दाजी लाड संग्रहालय. चिरंजीव आत गेलेच नाहीत, बाहेरच्या दगडी हत्तीपाशीच थांबले. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तेव्हा मोडून त्याचे तुकडे झाले. हे सांगितल्यावर प्रश्न सुटले ते थांबेनात. साखळी तुटली की क्रेन? वजन किती? तुकडे कशाने चिकटवले? पाऊण तास असा रंगला, आणि मी काय करावं? "छान. घरी गेल्यावर यावर दहा ओळी लिही." गडी जो गप्प झाला तो भायखळा स्टेशनपर्यंत.

याची शाळा सोडवून घरीच शिकवायला लागले, त्याला दीड वर्ष झालं. गाडीत कोणीतरी विचारतंच, "आज सुट्टी वाटतं?" कायद्याचं म्हणाल तर २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे, पण घरच्या शाळेला त्यात ना धड हो, ना धड नाही. पुढे दहावीला एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त शाळेचं बोर्ड आहे, वयाची १४ पूर्ण झाली की बसता येतं. नाहीतर आपल्या राज्य बोर्डाचा, बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म. म्हणजे कागदाची वाट आहे. भावजी दर सणाला मुंबईच्या त्या मुलीचं उदाहरण देतात, घरी शिकून २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीला गेलेली. बारावी नाही म्हणून आयआयटीत मात्र तिला प्रवेश मिळू शकत नव्हता. भावजी, तिच्याकडे ऑलिम्पियाडची पदकं होती हो. आमचं रत्न अजून सातच्या पाढ्याशी भांडतंय.

वाचन सुधारलं, हे खरं. पोटात दुखणं थांबलं, त्यासाठीच तर काढला होता. पण माझा पगार गेला. मुलुंडच्या दोन खोल्यांत जेवणाचं टेबल तेच वर्गाचं, आणि कणीक मळता मळता अपूर्णांक. बिल्डिंगमधली पोरं शाळा, मग क्लास करून सातला खाली उतरतात, तोवर हा एकटाच भिंतीवर चेंडू आपटत असतो.

हे सगळं मी गृहीत धरलं होतं. एक गोष्ट ध्यानातच आली नव्हती. लहानपणी मी दप्तर फेकून आईला सांगायचे, बाई किती दुष्ट आहेत ते. आई "हो का गं?" म्हणायची, पोहे द्यायची, विषय संपायचा. याच्या बाईही मीच आणि आईही मीच. याने सांगायचं कोणाला?

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालत होते. स्वयंपाकघरात सासूबाई लसूण सोलत होत्या आणि हा शेजारी पाटावर.

"आजी, आमच्या बाई ना, साधा हत्तीसुद्धा नीट बघू देत नाहीत."

"अगं बाई! हो का रे? थांब, उद्या येऊ देत, मीच बोलते त्यांच्याशी."

मी घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घालत बसले.