मोनरोव्हियातली मरून रंगाची टिकली

दादाची नोकरी मोनरोव्हियात, म्हणून माझं लायबेरियाला जाणं झालं. अकरा दिवसांत समुद्र पाहिला, वहिनीच्या मैत्रिणींकडे जेवले, पामतेलात शिजवलेला कसाव्याच्या पाल्याचा रस्सा दोनदा मागून घेतला. पण हे लिहायला बसले ते एका दुपारसाठी.

त्या दिवशी आम्ही केकेने निघालो. केके म्हणजे आपली तीनचाकी रिक्षा, आमची तर बजाजचीच होती. सिंकोर भागात मासळीबाजाराजवळचं मैदान लागलं, तशी मी ती थांबवायला लावली. २००३ साली पांढरे टी-शर्ट घालून, डोक्याला पांढरे रुमाल बांधून, युद्ध थांबावं म्हणून बायका इथे रोज येऊन बसत. ख्रिस्ती आणि मुस्लिम, एकत्र, उन्हात आणि पावसात. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्या याच रस्त्याने जात, त्याच्या नजरेला पडावं म्हणून ही जागा. १९८९ पासूनच्या दोन यादवी युद्धांत अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली होती.

घानात, आक्रा इथे शांततेच्या वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा या बायकांच्या नेत्या लेमा ग्बोवी आणि त्यांच्या सोबतिणी सभागृहाच्या दारातच हात गुंफून बसल्या. आतल्यांना बाहेर पडू देईनात. मध्यस्थी करणारे नायजेरियाचे जनरल अबुबकर त्यांच्याशी बोलायला आले. १८ ऑगस्ट २००३ ला करार झाला. त्या मैदानात मी बराच वेळ उभी होते. शांतता करारांचा इतिहास सह्या करणाऱ्यांच्या फोटोंनी सांगितला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

तिथून कॅपिटॉल हिलला गेलो. परराष्ट्र मंत्रालयाची इमारत मला बघायचीच होती. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाला आग लागल्यावर तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांचा कारभार इथून चाले आणि बाहेर पहाऱ्याला आपल्या सीआरपीएफच्या मुली असत. २००७ साली आलेली ही तुकडी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतलं पहिलं फक्त महिलांचं पोलीस पथक. दरवर्षी नव्या मुली येत, असं २०१६ पर्यंत चाललं.

मी फोन वर केला आणि एक पोलीस बाई झपाझप चालत आली. "नो पिक्चर, मा." मी घाबरून फोन पर्समध्ये टाकला. भारतातून आले म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "नमस्ते!" अगदी स्वच्छ उच्चार. काँगो टाउनला त्या पथकाच्या तळाशेजारी तिचं लहानपण गेलं होतं. बारा वर्षांची असताना त्या ताईंनी तिला मनगट धरलं तर कसं सोडवून घ्यायचं ते शिकवलं होतं. तिने तिथेच माझं मनगट धरलं आणि मला सोडवून घ्यायला लावलं. तिसऱ्या वेळी जमलं.

मग तिने आपला फोन काढून कव्हरची मागची बाजू दाखवली. आत एक मरून रंगाची टिकली, डिंक कधीच गेलेला, वरून चिकटपट्टी लावून जपलेली. त्यांच्यातल्या एका ताईने निघताना दिलेली.

त्या पथकाच्या काळात लायबेरियाच्या सुरक्षा दलांतल्या स्त्रिया ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेल्या, असं संयुक्त राष्ट्रांनीच सांगितलं आहे. २०१० मध्ये देशाचं ४.६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ झालं, तेही मोठंच काम. त्याशिवाय रस्ते आणि पगार कुठून होणार होते? पण परक्या देशाने दिलेला आधार कुणाच्या घरापर्यंत पोचला ते मी त्या चिकटपट्टीखाली पाहिलं.

"आता कसं चाललंय?" मी विचारलं.

"ट्रायिंग स्मॉल," ती म्हणाली. इथे सगळे असंच म्हणतात. म्हणजे, चाललंय थोडं थोडं.

माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट होतं, ते दिलं. तिने एक काढून कपाळावर लावली, केकेच्या आरशात वाकून पाहिलं. मग ड्यूटीवर आहोत हे आठवून ती अलगद काढली आणि फोनच्या कव्हरमध्ये जुनीच्या शेजारी चिकटवली.